कूलर घेण्याआधी फूटपट्टी काढा

‘कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवायला कोणता कूलर घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी जुन्याची चौकशी करतो. नुसता पंखा घरघरत असेल तर तेवढा पंखा बदलून भागतं. टॉवर कूलरवर, म्हणजे उभ्या मनोऱ्यासारख्या कूलरवर, बहुतेक वेळा साधा 120 मिमीचा पंखाच तारेच्या क्लिपांनी अडकवलेला असतो. पंखा नीट फिरतोय आणि तरीही तापमान चढतंय? मग हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमधली धूळ ब्रशने काढा, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. बऱ्याच जणांची खरेदी इथेच टळते.

टळली नाही, तर मोजमाप. कॅबिनेटच्या (कॉम्प्युटरच्या डब्याच्या) माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी15 हा कूलर 165 मिमी उंच, तर छोट्या कॅबिनेटसाठीचा एनएच-एल9आय फक्त 37 मिमी. रॅमच्या पट्ट्या उंच असतील तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो, म्हणजे तेवढी उंची आणखी वाढली. झाकण न लागण्याचं हे नेहमीचं कारण.

मग सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. इंटेलच्या एलजीए 1200 सॉकेटच्या बोर्डावर कूलरच्या भोकांमधलं अंतर 75 मिमी होतं, एलजीए 1700 वर ते 78 झालं. तीन मिलिमीटरच, पण कूलर अडकवायची जुनी पट्टी बसत नाही म्हणजे नाही. 1700 चं माउंटिंग 1851 वर मात्र चालतं. एएमडीत एएम4 आणि एएम5 सॉकेटची भोकं जुळतात, फक्त एएम5 ची बॅकप्लेट, म्हणजे बोर्डाच्या मागची आधाराची पट्टी, काढता येत नाही. त्यामुळे स्वतःची बॅकप्लेट लावणारा जुना कूलर तिथे अडतो.

कूलर किती उष्णता झेपवतो हे सांगणाऱ्या, खोक्यावरच्या ‘250 वॉट’ वगैरे आकड्याकडे मी बघतसुद्धा नाही. प्रत्येक कंपनी तो आपल्या सोयीने मोजते. प्रोसेसरचा आकडाही जपून वाचावा: एएमडीचा 65 वॉटचा रायझन 88 वॉटपर्यंत खेचतो, 105 चा 142 पर्यंत, आणि इंटेलचा 125 वॉटचा कोअर आय7-13700के तर 253 पर्यंत. आपल्याच प्रोसेसरवर तो कूलर लावून घेतलेली चाचणी शोधा, तीच खरी. रायझन 7000 मधले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली 95 अंशांपर्यंत जाणार, त्यांची रचनाच तशी आहे. तो आकडा बघून घाबरून राक्षसी कूलर आणू नका.

पाण्याचा की हवेचा? माझं मत हवेच्या बाजूने. पंखा गेला तर पंखा बदलता येतो. पंप गेला तर अख्खा संच फेकायचा. उंचीला जागाच नसेल, पण रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी) मावत असेल, तर पाण्याचा जरूर घ्या. फक्त सगळ्या जोडणीत पंप सर्वांत उंचावर येऊ देऊ नका, नाहीतर हवा त्यातच साठते.

एएम4 वरचा जुना कूलर काढताना घाई नडते. पीसी थोडा वेळ भाराखाली चालवा, म्हणजे पेस्ट मऊ पडते. मग बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावीउजवीकडे हलकेच पिळत सैल करा. सरळ वर ओढलात तर सॉकेटचा खटका लावलेला असूनही प्रोसेसर हीटसिंकला चिकटून बाहेर येतो आणि खालच्या पिना वाकतात. इंटेलच्या एलजीए सॉकेटवर आणि एएम5 वर प्रोसेसर धातूच्या चौकटीखाली दाबलेला असतो, तिथे ही भीती नाही.

नवा बसवताना मटारएवढी पेस्ट पुरे. स्क्रू तिरप्या जोडीने, थोडे थोडे आवळा. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा. दुसरीकडे लावली तर काही बोर्ड सुरू होतानाच चूक दाखवून थांबतात. सुरू करून भार द्या, आणि (वर सांगितलेले रायझन 7000 सोडता) काही सेकंदांतच तापमान कमाल मर्यादेला भिडलं, तर कूलर सोडवून तळ बघा. तिथली प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहिली असण्याचा संभव दांडगा.