टर्मिनलवरून नेटवर्कचा वापर कसा तपासावा

लिनक्स सर्व्हरवरचे नेट अचानक मंदावले, की बँडविड्थ नेमकी कोण खाते आहे, हे आधी शोधावे लागते. त्यासाठी ‘आयपी लिंक’ ही आज्ञा देऊन चालू इंटरफेसचे (सर्व्हर ज्या कार्डाने नेटवर्कशी जोडलेला असतो त्याचे) नाव पाहून घ्यावे आणि मग ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून, ‘-आय’ या पर्यायापुढे ते नाव देऊन, ‘आयएफटॉप’ (iftop) हे जोडणीनिहाय वापर दाखवणारे साधन सुरू करावे. प्रत्येक जोडणीपुढे उजवीकडे तीन आकडे दिसतात. ते अनुक्रमे गेल्या २, १० आणि ४० सेकंदांची सरासरी असल्यामुळे केवळ पहिला मोठा असेल तर ती नुकतीच आलेली उसळी समजावी, पण तिन्ही मोठेच राहिले तर कोणीतरी सतत डेटा ओढत आहे. हे आकडे बिटमध्ये असतात, बाइटमध्ये नव्हे; आठ बिट म्हणजे एक बाइट. आठाने भागायचे विसरून मीही एकदा उगाच घाबरलो होतो. ‘एन’ दाबल्यास नावांऐवजी आयपी पत्ते दिसतात.

जोडणी सापडली तरी त्यामागचा प्रोग्राम कळत नाही. तो ‘नेटहॉग्ज’ (nethogs) हे दुसरे साधन दाखवते. महिन्याचा हिशेब हवा असेल तर ‘व्हीएनस्टॅट’ (vnstat) हे वापराची नोंद ठेवणारे साधन आधीच बसवून ठेवावे, कारण त्यापूर्वीच्या दिवसांची नोंद त्याच्याकडे नसते; ‘-डी’ दिल्यास रोजचा आणि ‘-एम’ दिल्यास महिन्याचा वापर दिसतो.