नवं क्वाट बनवायचंय? आधी लेसिथिन मागवा

कॅटायनिक सर्फॅक्टंट (धन प्रभाराचं, साबणासारखं रसायन; त्यातल्या जंतू मारणाऱ्या क्वाटर्नरी अमोनियम प्रकाराला ‘क्वाट’ म्हणतात) करायला घेतलं की सगळे संश्लेषणाचीच चिंता करतात. ते काम तसं सरळ आहे. १,४-डायब्रोमोब्युटेन १ मोल, डायमिथाइलडोडेसिलअमाइन २.२ मोल, इथेनॉलमध्ये ४८ तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत भांड्यात आणत उकळणं). डायब्रोमोब्युटेन कातडीला आणि श्वासाला वाईट, म्हणून फ्यूम हूड आणि हातमोजे हवेतच. इथेनॉल उडवल्यावर चिकट गोळा उरतो. इथाइल ॲसिटेटमध्ये किंचित इथेनॉल घालून त्याचे दोन-तीनदा स्फटिक करा आणि डेसिकेटरमध्ये ठेवा, नाहीतर हवेतलं पाणी ओढून पुन्हा गोळा.

हा जेमिनी (दोन डोकी आणि दोन शेपट्या जोडलेला क्वाट) जुनाच आहे, पण हात बसायला उत्तम. नवं हवं तर दोन डोक्यांमधला दुवा बदला, त्यात इथर किंवा एस्टर घाला. शेपूट फार लांबवू नका. सोळा कार्बनांपुढे विरघळणं अवघड होतं आणि जंतू मारायची ताकदही बहुधा उतरते.

एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीत) नायट्रोजनवरच्या मिथाइलचं शिखर २.२ पीपीएमवरून ३.३च्या आसपास सरकलेलं दिसायला हवं. २.२ला टेंगूळ उरलं तर अमाइन शिल्लक आहे, पुन्हा स्फटिक करा. उरलेलं अमाइन स्वतःच जंतू मारतं आणि श्रेय तुमच्या रेणूला जातं.

सीएमसी (ज्या प्रमाणापुढे रेणू एकत्र येऊन गुच्छ करतात ते) २५ अंशांना कंडक्टिव्हिटीने काढा; एका शेपटीच्या डीटॅब या साध्या क्वाटची १५ मिलीमोलरजवळ येते, या जेमिनीची साधारण १ मिलीमोलर.

एमआयसीसाठी (जंतूंची वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण) ९६ खळग्यांची प्लेट, म्युलर-हिंटन ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रव खाद्य), मिलीलिटरला ५ लाख जंतू, ३५ अंश, १६ ते २० तास. जंतू न घातलेली पण रसायन असलेली एक रांग ठेवाच. जास्त प्रमाणात क्वाट ब्रॉथमधल्या प्रथिनांशी मिळून गढूळ होतं आणि वाढ झाल्यासारखं वाटतं.

माझी फजिती एमबीसीला (जंतू मारूनच टाकणारं सर्वांत कमी प्रमाण) झाली. खळग्यातलं थेंबभर थेट अगारवर (जंतू वाढवायच्या घट्ट जेलीवर) पसरलं, एकही कॉलनी नाही. एमआयसी आणि एमबीसी अगदी सारख्या! आठवडाभर मी हवेत होते. मग कळलं, थेंबासोबत क्वाटही अगारवर गेलं होतं आणि तिथेही जंतूंना वाढू देत नव्हतं. लेसिथिन आणि ट्वीन ८० घातलेल्या न्यूट्रलायझरमधून (क्वाटला निकामी करणाऱ्या द्रावणातून) नेल्यावर त्याच खळग्यांतून कॉलन्या उगवल्या. एमबीसी चौपट निघाली.

तेव्हापासून आधी न्यूट्रलायझरचीच परीक्षा घेते: एका नळीत न्यूट्रलायझर आणि जंतू, दुसरीत त्यात क्वाटही, तिसरीत नुसतं सलाइन आणि जंतू. तिन्हींच्या कॉलन्या जवळपास सारख्या आल्या, तरच प्लेट लावते.