रोज पाणी ओतताय? पिकअपच्या कूलंटमधल्या या चुका टाळा

एप्रिल लागला की हापूसच्या पेट्या लादलेल्या पिकअप रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे धावायला लागतात आणि आमच्या गॅरेजसमोर बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या राहतात. ड्रायव्हर कुणीही असो, वाक्य ठरलेलं: “मिस्त्री, पाणी तर रोज बघतो!”

बघतोस रे बाबा. पण रोज ओतावं का लागतंय, ते कधी बघितलंस?

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळून फिरवतात ते द्रव. ते डिझेलसारखं जळून संपत नाही. सगळा मामला बंदिस्त असतो. वर्षभरात बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीत बोटभर उतरलं तर सोडून द्या. आठवड्याला लिटरभर लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय. होजच्या क्लिपखाली हात फिरवा, वॉटर पंपाच्या खालच्या भोकाशी ओल आहे का बघा, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जाळीला जिथं दाबून बसवलेली असते तिथं पांढरट-हिरवट डाग शोधा. बाहेर काहीच सापडलं नाही तर जास्त काळजी करा. मग ते हेड गॅसकेटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग), किंवा बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी असेल तर ईजीआर कूलरमधूनही (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग), इंजिनात जात असेल. पांढरा धूर, बाटलीत सतत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, यातलं एक जरी दिसलं तरी भाडं घेऊ नका.

मागे एका हंगामात एक तरणा पोरगा असाच रोज ढाब्यावर बोअरचं पाणी ओतत होता. खालच्या होजची क्लिप ढिली. पाच मिनिटांचं काम, पण भाडं चुकेल म्हणून गॅरेजला यायला वेळ नाही. साखरपा सोडून घाट चढायला लागला तसा तापमानाचा काटा वर गेला आणि मग अचानक खाली आला. पोरगा खूश! गाडी थंड झाली म्हणून त्यानं अजून दाबली. झालं असं होतं की सेन्सरभोवती पाणीच उरलं नव्हतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो, नुसत्या वाफेत तो काहीही दाखवतो. घाटमाथ्यावर गाडी ओढेना, मग खडखडली आणि बंद पडली. आंबे दुसऱ्या गाडीत भरून गेले, ही आमच्याकडे टोचन करून आली. ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं, गॅसकेट जळालेलं. हेडला फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, नवीन गॅसकेट घातलं, आणि मालकानं त्या पोराला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. चढावर काटा एकदम पडला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन तिथंच बंद करा.

त्याच गाडीच्या रेडिएटरमध्ये बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता, चहाच्या भांड्याला बसतो तसा. साधं पाणी १०० अंशाला उकळतं. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर साधारण १०७ ला, आणि वर रेडिएटरच्या टोपीचा दाब धड असेल तर १२५ च्याही पुढं. शिवाय आतून गंज धरू नये म्हणून त्यात औषध असतं, ते पाणी ओतून ओतून पातळ होतं. वाटेत अडलात तर इंजिन गार झाल्यावर पिण्याच्या पाण्याची बाटली ओता, पण घरी आल्यावर सगळं काढून नवीन भरा. मिसळायला मी डिस्टिल्ड वॉटरच वापरतो.

दुसरी खोड म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह, काढून फेकणं. “काढून टाका, गाडी थंड राहते” हा सल्ला कुठल्याही नाक्यावर फुकट मिळतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो आणि बऱ्याच इंजिनांत त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की बायपास उघडाच राहतो, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं आणि चढावर गाडी उलट जास्त हीट मारते. सपाटीवर इंजिन धड तापत नाही, डिझेल जास्त खातं, धूर काढतं. संशय असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात उकळत्या पाण्यात टाका. उघडला तर चांगला आहे, नाही तर नवीन आणा. एवढं सोपं असताना लोक हातोडा का घेतात, मला कळत नाही.

बाकीचं थोडक्यात. गरम गाडीची टोपी उघडू नका, फडकं धरूनसुद्धा नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बंद करणाऱ्यांना नमस्कार. गळती थांबते तशा जाळीतल्या नळ्याही तुंबतात. रंग बघून कूलंट घेऊ नका, हिरवं-लाल हा कंपनीचा शौक असतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या आणि दोन जाती मिसळू नका. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात पाणी घालायचं नसतं. नवीन भरल्यावर हवा काढा, हीटर असेल तर चालू ठेवा, इंजिन गार झालं की पातळी परत बघा. आणि रेडिएटर बाहेरूनही धुवा. ऊस वाहणाऱ्यांच्या जाळीत पाचटाचा एवढा चुरा सापडतो की वारा जायला जागा नसते.

काढलेलं जुनं कूलंट मात्र गटारात किंवा आवारात ओतू नका. चवीला ते गोड असतं आणि विषारीही. कुत्रं, वासरू चाटायला जातं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर अजिबात भरून ठेवू नका, घरात पोरं असतात. मी झाकणाच्या कॅनमध्ये भरतो, वर खडूनं ‘विष’ लिहितो आणि जुनं ऑइल नेणाऱ्या परवानाधारक माणसाला वेगळं सांगून देतो.