थेंब गोल बसला म्हणून हुरळून जाऊ नका

कागदी खोक्यांवरच्या वनस्पतिजन्य कोटिंगच्या, म्हणजे पाणी आणि बाष्प अडवणाऱ्या लेपाच्या कामात नव्याने आलेली मुलं आधी काय करतात, तर कागदावर पाण्याचा थेंब सोडतात आणि तो मोत्यासारखा गोल बसला की फोटो काढतात. स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, ९० अंशांच्या वर गेला म्हणजे पृष्ठभागाला पाणी धरवत नाही, इतकंच त्यातून कळतं. बाष्प आरपार जातंय की नाही, हे त्या फोटोत दिसत नाही. कुणाला कामावर घेताना मी हाच फरक आधी विचारतो.

पाण्यासाठी कॉब चाचणी पुरते. १०० चौरस सेंटिमीटर कागदावर पाणी, ६० सेकंद, मग टिपकागद ठेवून १० किलोचा रोलर फिरवायचा आणि वजन किती वाढलं ते बघायचं. रोलरवर हाताचा जोर देऊ नका, आकडा फिरतो. बाष्पासाठी कपात ओलावा शोषणारं कॅल्शियम क्लोराइड भरून तोंडावर नमुना सील करतात, कप ३८ अंश सेल्सियस आणि ९० टक्के आर्द्रतेत ठेवून ठरावीक वेळाने वजन घेतात. एका कपावर नमुन्याऐवजी ॲल्युमिनियम फॉइल लावा. त्याचंही वजन वाढायला लागलं, तर सील गळतंय. बाकीच्या आकड्यांवर डोकं शिणवू नका.

आता मिश्रण. स्टार्च मुळातच पाण्याचं सोयरं. लवचिकपणासाठी ग्लिसरॉल घालावं, तर तेही ओलावा ओढतं. सायट्रिक ॲसिडने स्टार्चच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडता येतात, पण त्याला चांगली उष्णता लागते आणि जास्त झालं की कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. मला स्वतःला खाली स्टार्च आणि वर कार्नौबा या ताडाच्या पानांवरच्या मेणाचं इमल्शन (पाण्यात मिसळलेले मेणाचे बारीक कण) ही जोडी बरी वाटते. हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. त्याखालीच वाळवलं तर मेणाचे कण सुटे राहतात आणि मधल्या फटींतून बाष्प खुशाल जातं. थोडा वेळ तापमान त्यावर न्या. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्या, म्हणजे खालच्या थराची सूक्ष्म छिद्रं वरचा झाकतो.

नमुना घडी घालून पुन्हा तपासा. कार्नौबा कडक असतं, घडीवर तडकतं. रंगीत पाणी फिरवलं की रेघ लगेच उमटते. खोका सपाट थोडाच वापरणार आहेत!

आणि विघटन विसरू नका. कंपोस्ट होणाऱ्या पॅकेजिंगसाठीच्या ईएन १३४३२ या युरोपीय मानकाप्रमाणे १२ आठवड्यांच्या कंपोस्टिंगनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त अवशेष राहता कामा नये. जोडणी फार घट्ट केली की सूक्ष्मजीवांनाही ती तोडणं जड जातं. म्हणून कॉबचा आकडा खाली आणत बसण्याआधीच प्रत्येक बॅचचे थोडे तुकडे कंपोस्टसाठी बाजूला काढा, त्या निकालाला महिने लागतात.