पालिकेचा क्लायमेट अ‍ॅक्शन प्लॅन करताय? मग या चुका टाळा

सध्या राज्यात हवामान कृती आराखड्यांचा (क्लायमेट अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे आपल्या हद्दीतलं कार्बन उत्सर्जन कसं कमी करायचं याचा आराखडा) सीझन आहे. मुंबईनं मार्च २०२२ मध्ये आपला काढला, मग बाकीच्या महापालिका लागल्या, आणि राज्य सरकारच्या माझी वसुंधरा अभियानामुळे नगरपरिषदा न् ग्रामपंचायतीसुद्धा या भानगडीत पडल्यात. चांगलंच आहे. पण यातले बरेच आराखडे वाचायला घेतले की दिसतं की कव्हरवर हिरवं पान, आत पॅरिस कराराचा इतिहास, ग्लोबल वॉर्मिंग म्हणजे काय यावर वीस पानं, आणि गावाचं पाणी उपसायला महिन्याला किती युनिट जातात हे मात्र कुठेच नाही. माझं सरळ म्हणणं आहे की गावाचा कार्बन हा पालिकेच्या बिलांमध्ये असतो, लाईट बिल, डिझेलचं बिल, कचरा ठेकेदाराचं बिल. तिथून सुरुवात केली नाही तर बाकीचं सगळं डेकोरेशन. खालच्या चुका जवळपास सगळीकडे होतात, म्हणून लिहितोय.

झाडं लावली म्हणजे झालं

सगळ्यात लाडकी चूक. उत्सर्जन कमी करायचं म्हटलं की पहिला ठराव वृक्षारोपणाचा. आता जरा हिशोब करू. समजा तुमच्या जॅकवेलवर (नदी-धरणातून पाणी उपसायची विहीर) १०० एचपीचा पंप आहे, म्हणजे साधारण ७५ किलोवॅट, आणि तो रोज १६ तास चालतो. झाले १२०० युनिट. आपल्या ग्रिडची वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा, म्हणजे दिवसाला ८६४ किलो, वर्षाला ३१५ टन. एक नीट वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानानं वीस किलो शोषतं असं धरलं तरी या एका पंपासाठी पंधरा हजारांवर झाडं लागतात, आणि तीही वाढलेली, लावलेली नाही. दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात लावतो ती तर नाहीच नाही.

झाडं लावू नका असं कोण म्हणतंय? लावा की. पण सावलीसाठी, उन्हाळ्यात गाव तापू नये म्हणून, पाणी मुरावं म्हणून लावा, आणि आराखड्यात ते उष्णतेच्या प्रकरणात टाका. कार्बन कपातीच्या आकड्यात घालून स्वतःला फसवू नका. केरळात वायनाडमधल्या मीनांगडी पंचायतीनं २०१६ मध्ये कार्बन न्यूट्रल (जेवढा कार्बन सोडतो तेवढा शोषायचा) व्हायचं ठरवलं, तिथंही झाडं आहेत, पण त्यांची आयडिया बघा: शेतकऱ्यानं झाड तारण ठेवायचं, त्यावर बिनव्याजी पैसे घ्यायचे, आणि झाड तोडलं तरच ते परत करायचे. म्हणजे पैसा झाड लावायला नाही, झाड टिकवायला दिला. आपल्याकडे उलटं, रोपांचं टेंडर निघतं पण टँकरनं पाणी घालायचा खर्च कुठल्याच लेखाशीर्षात (बजेटमधल्या खर्चाच्या सदरात) बसत नाही.

हिशोब कुणाचा करताय ते आधी ठरवा

दोन वेगळे हिशोब असतात. एक पालिकेचा स्वतःचा: कार्यालय, पथदिवे, पाणीपुरवठा, घंटागाड्या, एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र). दुसरा सगळ्या गावाचा: घरं, दुकानं, हॉटेलं, गाड्या, कचरा, हद्दीतले कारखाने. पहिला छोटा असतो पण सीओ (मुख्याधिकारी) साहेबांच्या सहीनं हलतो, दुसरा मोठा असतो पण तिथं पालिकेला नियम, परवानगी, कर आणि समजावणी एवढंच हातात असतं. दोन्ही करा पण एका तक्त्यात कोंबू नका. मी असे आराखडे पाहिलेत जिथं कार्यालयातल्या एलईडी बल्बची बचत आणि आख्ख्या शहराचं उत्सर्जन एकाच ग्राफमध्ये आहे, आणि बल्बची दांडी दिसतच नाही.

याच्यातच दुसरा घोळ म्हणजे डबल मोजणी. चंद्रपूरला महाऔष्णिक केंद्र आहे, २९२० मेगावॅटचं. त्याच्या धुरांड्यातून निघणारं सगळं चंद्रपूरकरांच्या नावावर टाकलं आणि तीच वीज वापरणाऱ्या गावांनी आपापल्या बिलावरून पुन्हा मोजली, तर एकच धूर दोनदा मोजला गेला. शहरांसाठीची जी जागतिक पद्धत आहे, जीपीसी म्हणतात तिला, त्यात हे सोडवलेलं आहे: हद्दीत जळलेलं इंधन स्कोप १, ग्रिडवरून घेतलेली वीज स्कोप २, आणि ग्रिडला विकायला तयार केलेल्या विजेचं उत्सर्जन वेगळं दाखवायचं, शहराच्या बेरजेत धरायचं नाही. कोराडी, परळी, भुसावळकडच्या मंडळींनी हे आधी वाचून घ्या, नाहीतर तुमचा माणशी आकडा बघून लोक घाबरतील.

आणि प्लीज, मुंबईची टक्केवारी कॉपी करू नका. मुंबईचं २०१९ चं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन, त्यात ७२ टक्के इमारती वगैरेंमधला ऊर्जावापर, २० टक्के वाहतूक, ८ टक्के कचरा. ती लोकल ट्रेनवर चालणारी, उंच इमारतींची मुंबई आहे. तुमच्या तालुक्याच्या गावाला लोकल नाही, उलट बाजारच्या दिवशी आजूबाजूच्या तीस गावांच्या मोटरसायकली येतात. कन्सल्टंट तोच पाय चार्ट थोडा हलवून देतो आणि कुणी विचारत नाही.

आकडे जुळत नाहीत? हे तपासा

बेस इयर, म्हणजे ज्याच्याशी पुढची तुलना होते ते वर्ष, २०२०-२१ घेतलंय का? लॉकडाऊनचं वर्ष होतं ते, हॉटेलं बंद, गाड्या बंद. त्याच्याशी तुलना केली की तुम्ही काहीही करा, उत्सर्जन वाढलेलंच दिसणार. २०१९-२० किंवा २०२२-२३ नंतरचं घ्या.

विजेचा फॅक्टर, म्हणजे एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड, तो कुठून घेतला? गुगलवर पहिला सापडला तो ब्रिटनचा असेल तर तो आपल्या एक तृतीयांशापेक्षाही कमी असतो, तिथं कोळशाची वीज २०२४ मध्ये बंद झाली. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी भारताचा फॅक्टर काढतं, तोच वापरा आणि कुठल्या वर्षाचा ते खाली लिहा.

महावितरणचा डेटा मागितला की ते सबडिव्हिजनचा देतात, आणि सबडिव्हिजनमध्ये शेजारची आठ-दहा गावं न् त्यांचे शेतीपंप पण असतात. फीडरनिहाय (सबस्टेशनमधून निघणाऱ्या एकेका लाईननुसार) आणि ग्राहक वर्गवारीनिहाय मागा, पत्रात तसं स्पष्ट लिहा, आणि पत्र टाकून बसू नका, तिथं जाऊन बसा. पेट्रोल पंपाच्या विक्रीचंही तेच, हायवेवरचा पंप तुमच्या हद्दीत असेल तर त्यातलं बहुतेक डिझेल नागपूर नाहीतर हैदराबादला चाललेल्या ट्रकचं असतं. आणि एक बारीकसं: कुठे टन कार्बन लिहिलंय आणि कुठे टन कार्बन डायऑक्साइड ते बघा, दोन्हीत ३.६७ पटीचा फरक आहे.

पाणीपुरवठा सोडून सगळ्यावर चर्चा

बहुतेक नगरपरिषदांच्या लाईट बिलात सगळ्यात मोठा घास पाणी उपसण्याचा. पण आराखड्यात फोटो कशाचा, तर कार्यालयाच्या गच्चीवरच्या सोलरचा. दहा किलोवॅटचं सोलर दिवसाला चाळीसेक युनिट देतं. वरचा पंप १२०० खातो. तो पूर्ण सोलरवर आणायचा तर तीनशे किलोवॅट लागेल, म्हणजे अंदाजे तीस हजार चौरस फूट जागा. ती गच्चीवर मिळत नाही, फिल्टर प्लांटच्या आवारात किंवा जुन्या डंपिंगच्या मोकळ्या केलेल्या जागेवर शोधावी लागते.

पण सोलरच्या आधी दुसरं काम आहे, आणि ते फोटोजेनिक नाही म्हणून राहतं. एक किलोलिटर पाणी शंभर मीटर उचलायला फिजिक्सप्रमाणे ०.२७ युनिट लागतात, पंप न् मोटरची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ०.४२. आता तुमचं महिन्याचं बिल घ्या, युनिटला उपसलेल्या पाण्यानं भागा. शंभर मीटर हेडला (म्हणजे पाणी चढवायच्या उंचीला) ०.७-०.८ येत असेल तर पंप झिजलाय, किंवा पंप मोठा घेऊन ठेवलाय आणि ऑपरेटर व्हॉल्व्ह अर्धा आवळून चालवतोय. पाणी किती उपसलं हेच माहीत नसेल, कारण फ्लो मीटर बंद पडून कधीचा पडलाय, तर आराखड्यातलं पहिलं काम तेच: फ्लो मीटर. बाकी सगळं नंतर.

गळतीचंही तसंच. वाटेत वाहून गेलेलं पाणीसुद्धा वीज जाळूनच वर आलेलं असतं. गळती काढली की वीज वाचते, पाणी वाचतं, आणि उन्हाळ्यात टँकरचं डिझेलपण. हे सोडून आधी सोलर टाकलं तर तुम्ही महागड्या पॅनेलनं गटारात पाणी सोडताय.

पथदिव्यांचं थोडक्यात. एलईडी बसवूनही बिल उतरलं नाही अशी तक्रार येते, तेव्हा दोन गोष्टी बघा: मीटर फॉल्टी असल्यानं अ‍ॅव्हरेज बिल येतंय का, आणि दिवे सकाळी नऊपर्यंत चालू राहतात का. टायमर बिघडलेला असतो आणि वायरमनला वाटतं ठेकेदार बघेल.

कचरा: शंभर टक्के वर्गीकरण, कागदावर

ओला कचरा डंपिंगला सडला की मिथेन होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा २८ पट जास्त तापवतो. त्यामुळे छोट्या गावाला लवकर आणि स्वस्तात कपात मिळायची असेल तर ती इथंच. पण सगळी स्कीम एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे घंटागाडीतला पडदा. घरात बाई दोन डबे ठेवते, गाडीला दोन कप्पे असतात, आणि दुपारी गाडी भरली की हेल्पर मधली जाळी काढून सगळं एकत्र दाबतो कारण फेरी वाचते, आणि ठेकेदाराला पैसे वजनावर मिळतात. टेंडर वजनावर काढलं तर वर्गीकरण होणारच नाही, माती टाकूनसुद्धा वजन वाढतं. घरांवर द्या, वर्गीकृत कचऱ्यावर द्या, मिक्स आला तर कापा. वेंगुर्ल्यानं दाखवलंय की छोटी नगरपरिषद वर्गीकरण मनावर घेऊन डंपिंग ग्राउंडचं लोकांनी बघायला यावं असं ठिकाण करू शकते.

बायोगॅस प्लांट घेतला आणि गॅसच येत नाही, ही दुसरी नेहमीची कटकट. कंपनीला फोन करायच्या आधी हे बघा. सुरुवातीला शेणाची स्लरी पुरेशी भरली होती का, आणि तिला जम बसायला वेळ दिला होता का, की उद्घाटन ठरलंय म्हणून पहिल्याच आठवड्यात फुल लोड टाकला? पीएच सातच्या आसपास आहे का? मंडईतून लिंबू-मोसंबीची सालं, कांद्याचा पाचोळा एकदम आला की आत आंबट होतं आणि गॅस पडतो, मग दोन-चार दिवस फीड थांबवा, थोडा चुना, थोडं ताजं शेण, आणि हळूहळू परत चालू करा. थंडीत गॅस कमी येतोच, त्याला घाबरू नका. नारळाच्या करवंट्या न् प्लास्टिकनं श्रेडर अडकत असेल तर दोष प्लांटचा नाही, कचरा आणणाऱ्या घंटागाडीचा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गॅस घेणार कोण? शेजारी हॉस्टेल, कँटीन, नाहीतर जनरेटर ठरलेला नसेल तर गॅस हवेत सोडला जातो. मिथेन हवेत सोडायला प्लांट बांधायची गरज नव्हती, ते डंपिंग फुकटात करत होतं.

डीपी वेगळ्या कपाटात

हवामान आराखडा पर्यावरण विभाग करतो आणि विकास आराखडा (डीपी, म्हणजे गावात रस्ते, शाळा, बाजार कुठे होणार याचा नकाशा) नगररचना विभाग, दोघांची भेट होत नाही. पण पुढच्या वीस वर्षांचं पेट्रोल किती जळणार हे डीपीच ठरवतो. नवीन मंडई बायपासच्या पलीकडे नेली, शाळेचं आरक्षण गावाबाहेर टाकलं, की प्रत्येक घराला एक गाडी वाढली. मग ई-रिक्षाच्या सबसिडीनं तुम्ही काय भरून काढणार? आराखडा करणाऱ्यांनी डीपीच्या हरकती-सूचनांच्या मुदतीत लेखी हरकत द्यावी, पालिकेचाच विभाग असला म्हणून काय झालं. फुटपाथ, बाजारपेठेतलं पार्किंग, एसटी स्टँडला चालत जाता येतं का, हे रटाळ विषय आहेत पण कार्बन तिथंच आहे. तसंच भोगवटा प्रमाणपत्राचं, सोलर वॉटर हीटर नियमात आहे, गच्चीवर जाऊन तो जोडलेला आहे का हे कुणी बघतं का?

ई-घंटागाड्या घ्यायच्या तर आधी चार्जिंगचा लोड मंजूर करून घ्या. गाड्या आल्या आणि मीटर नाही म्हणून शेडमध्ये उभ्या, हे नको.

२०५० चं टार्गेट आणि पुढच्या मार्चचं काहीच नाही

नेट झिरो २०५०, म्हणजे तोवर निव्वळ उत्सर्जन शून्यावर, हे लिहायला पैसे लागत नाहीत. तोवर आत्ताचे सगळे रिटायर. मुंबईनं निदान मधले टप्पे दिले, २०३० ला ३० टक्के, २०४० ला ४४ टक्के, आणि २०२४-२५ पासून वेगळा क्लायमेट बजेट रिपोर्ट काढायला लागली, नॉर्वेच्या ओस्लोनं आधी केलं होतं तसं. तो परफेक्ट आहे असं नाही, कुठलं काम हवामानाचं आणि कुठलं नेहमीचंच यावर भांडता येतं, पण भांडायला आकडा तरी आहे. आपल्याकडे आराखड्यात ऐंशी कृती असतात आणि बजेटच्या पुस्तकात त्यातली एकही सापडत नाही.

म्हणून पाच-सहाच कामं धरा आणि प्रत्येकासमोर चार रकाने भरा: लेखाशीर्ष, जबाबदार अधिकाऱ्याचं पद (नाव नको, बदली होते), आत्ताचा आकडा, पुढच्या मार्चचा आकडा. सर्वसाधारण सभेत नुसता आराखडा मंजूर करू नका, कामं बजेटमध्ये टाकून मंजूर करा. बरीच वर्षं प्रशासकच होते तेव्हा कुणी विचारणारं नव्हतं, आता नगरसेवक आहेत, त्यांना त्यांच्या वॉर्डातला टँकर न् लाईट बिल दाखवा, टनांची भाषा नको.

माझी वसुंधराचे मार्क मिळतील न मिळतील. अभियानाच्या टूलकिटमध्ये (मार्क देण्याच्या नियमावलीत) ज्याला मार्क तेवढंच काम, हा रोग मात्र खरा आहे, फोटो जिओटॅग झाला की काम संपलं. महापालिकांना तर दरवर्षी ३१ जुलैपर्यंत पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढावाच लागतो, त्यात उत्सर्जनाचं एक पान कायमचं टाका: पंपाचे युनिट प्रति किलोलिटर, गाड्यांचं डिझेल, डंपिंगला गेलेला ओला कचरा. आणि एक्सेल शीट कन्सल्टंटच्या लॅपटॉपवर ठेवू नका, शेवटचं बिल काढायच्या आधी फॉर्म्युल्यांसकट मागून घ्या, पीडीएफ चालणार नाही असं वर्क ऑर्डरमध्येच लिहा.