जपानी नाट्याचं सप्रयोग व्याख्यान ठेवताय? या चुका टाळा

आयोजकांना पहिला मोह होतो तो सगळंच दाखवायचा. नोह (मुखवट्यांचं संथ संगीतनाट्य), क्योगेन (विनोदी नाट्य), काबुकी (भपकेबाज लोकप्रिय नाट्य), बुनराकू (बाहुली-नाट्य), चारही एका तासात! प्रेक्षकांच्या हाती लागतात ते किमोनो, मुखवटे आणि ‘फार संथ असतं बुवा’ हे मत. एका वेळी एकच प्रकार घ्या. फार तर नोह आणि क्योगेन जोडीने, कारण ते शतकानुशतकं एकाच मंचावर आलटून पालटून होत आलेत.

इतिहासापासूनही सुरुवात नको. नोहला घडवणारा झेआमी, 1603 च्या सुमारास क्योतोत नाचून काबुकीची सुरुवात करणारी ओकुनी, 1629 ची स्त्री-कलावंतांवरची बंदी, सगळं महत्त्वाचं आहे, पण पहिल्या दहा मिनिटांत नाही. तोक्योच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने 1967 पासून नवख्यांसाठी काबुकीचे खास प्रयोग चालवले. त्यांत नट स्वतः फिरता रंगमंच, वरखाली होणारे सरकते चौथरे, प्रेक्षकांतून जाणारी हानामिची नावाची वाट दाखवतो आणि मग नाटक सुरू होतं. ओकुनी नंतर आली तरी चालते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो नोहच्या मुखवट्यापाशी. तो हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडाचा असतो आणि रंगवलेल्या बाजूला बोट लागता कामा नये. दोरी ओवायच्या भोकांपाशी, दोन्ही कडांना धरतात. त्यामुळे ‘जरा बघू’ म्हणत रांगांमधून फिरवायची ती वस्तू नव्हे. फिरवायचाच असेल तर सरावाचा, साधा मुखवटा मागून घ्या. नट तो चढवण्याआधी त्याला वंदन करतो. त्याची हरकत नसेल तर हे विंगेत न उरकता समोर होऊ द्या, भाषणाची पाच मिनिटं वाचतील.

‘मुखवट्यावर भाव दिसलेच नाहीत’ अशी तक्रार आली तर आधी दिवे तपासा. मुखवटा किंचित वर केला की चेहरा उजळतो (तेरासु), खाली झुकवला की त्यावर मळभ येतं (कुमोरासु). हा सगळा खेळ सावल्यांचा. समोरून झगझगीत स्पॉट मारला की ओठांखालची सावलीच पुसली जाते. वरून पसरट, सौम्य प्रकाश ठेवा आणि मोबाईलचे फ्लॅश बंद करायला लावा. दुसरा संशयित निवेदक. ‘आता ती रडतेय’ असं त्याने आधीच सांगितलं तर बघायला उरतं काय? हात हळूहळू डोळ्यांपुढे येऊ द्या, मग विचारा.

जमिनीचं कुणाच्या लक्षात येत नाही. हॉटेलच्या हॉलमधल्या गालिच्यावर पाय घसटत चालणं जमत नाही आणि पाय आपटला तरी आवाज उठत नाही. पारंपरिक नोह-मंचाखाली आवाज घुमावा म्हणून मातीचे रांजण पुरत, यावरून काय ते समजा. गुळगुळीत लाकडी फळ्या पोकळ चौथऱ्यावर टाका. आणि हो, मुखवट्याच्या डोळ्यांची भोकं इवलीशी असतात, नट खांबांच्या अंदाजाने फिरतो. खांब नसलेल्या मंचावर कोपऱ्यांत निदान बुटके खुंट हवेतच, नाहीतर माणूस खाली जाईल.

एसीने ढोलकांचेही हाल होतात. मोठ्या ओत्सुझुमीचं कातडं प्रयोगाआधी निखाऱ्यावर शेकून कोरडं करतात, तर खांद्यावरच्या कोत्सुझुमीला ओलावा लागतो, वादक फुंकर मारून तो राखतो. तेव्हा शेगडी पेटवायची परवानगी आधीच काढा. फायर अलार्म ऐन वेळी वाजला की सगळंच मुसळ केरात.

बुनराकूत प्रेक्षकांना बाहुली चालवायला बोलावतात तेव्हा तिघं मंचावर येतात आणि तिघंही आपापल्या मनाने हलवतात. मुख्य सूत्रधाराकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय, आणि इशारे फक्त पहिल्याचे. तेव्हा डोकं कलावंताकडेच राहू द्या, पाहुण्याला पाय द्या. स्त्री-बाहुलीला बहुधा पाय नसतातच, किमोनोच्या घेरात मुठी सरकवून चाल दाखवायची असते. पाहुणा गोंधळला तर त्याचा दंड मुख्य सूत्रधाराच्या कमरेला टेकवा. खरे कलावंतही चाल तिथूनच ओळखतात.