नवा लॅपटॉप घ्यायचाय? आधी फाइल्स मोजा, मग दुकानात जा

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की घरात एक आकडा ठरतो, समजा पन्नास हजार, आणि तो सगळाच्या सगळा लॅपटॉपवर खर्च होतो. माझं ऐकाल तर त्यातले पाच-सात हजार आधीच बाजूला काढा आणि त्याच खरेदीत बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्या. लॅपटॉप पाच-सहा वर्षांनी बदलणारच आहे. मुलीच्या बारशाचे फोटो, घराच्या खरेदीखताचं स्कॅन, दुकानाचा टॅलीचा डेटा हे मात्र त्याच्या पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या लॅपटॉपवर जायचं आहे. म्हणून खरेदीला सुरुवात फाइल्सपासून करू.

१. जुन्याची झडती

जुना लॅपटॉप उघडा. सी ड्राइव्हमध्ये ‘यूजर्स’, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर. त्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा आणि आकडा लिहून घ्या. डी ड्राइव्ह असेल तर त्यातलाही मिळवा. बेरजेची दुप्पट करा, वर शंभरेक जीबी विंडोज आणि बाकीच्या सॉफ्टवेअरसाठी धरा. एवढी जागा नव्या लॅपटॉपमध्ये हवी. बहुतेकांचा हिशोब ५१२ जीबीत बसतो. २५६ जीबीचं मॉडेल तीन हजारांनी स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका.

हिशोब करता करता एक प्रश्न स्वतःला विचारा: नवा खरंच हवाय का? विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे ‘आता बदलावाच लागेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ चालवतात. तुमचा लॅपटॉप त्यातला असेल आणि आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून बघा. सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहतं, आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या तुलनेत किरकोळ.

२. दुकानात

मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला जा, नाहीतर गावातल्या शोरूमला. विक्रेता सुरुवात ‘आय५ की आय७?’ इथूनच करणार. ऑफिसचं काम, ब्राउझर, टॅली, मुलांचा अभ्यास एवढंच करायचं असेल तर आय७चे जादा पैसे वाचवा आणि रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, १६ जीबी घ्या. आजच्या ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले, त्यात एक व्हिडिओ कॉल चालू, की ८ जीबी धापा टाकायला लागते.

रॅम पुढे वाढवता येईल का, हेही विचारा. विचारा म्हणजे, स्वतः बघा. डेमो पीसवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’. खाली ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओडीआयएमएम’ लिहिलेलं असेल तर ती काढता-घालता येणारी रॅम. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डलाच सोल्डर केलेली. ऑनबोर्ड असणं वाईट नाही. पण मग सोळाच घ्यायची, आठ घेऊन ‘नंतर बघू’ चालत नाही.

प्रोसेसरच्या नावात खरी गंमत आहे. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या ७००० मालिकेत पहिला आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो आणि आतली रचना कितवी हे तिसरा आकडा सांगतो. उदाहरणार्थ रायझन ५ ७५२०यू बघा. ७ बघून माणूस खूश होतो. पण तिसरा आकडा २ आहे, म्हणजे आत झेन २ ही २०१९मध्ये आलेली रचना. शेजारच्याच फळीवरच्या ७५३०यूमध्ये झेन ३ आणि ७५४०यूमध्ये झेन ४ असते. तिघांवरही स्टिकर ‘रायझन ५’चाच. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा: ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, ‘एच’ म्हणजे जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. सेलेरॉन किंवा एन१०० असलेला लॅपटॉप फक्त टायपिंग आणि यूट्यूबपुरता समजा. आणि स्टोरेजसमोर ‘ईएमएमसी’ (एसएसडीपेक्षा मंद, स्वस्तातली साठवण) लिहिलेलं दिसलं तर पुढच्या मॉडेलकडे वळा.

स्क्रीनबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, आणि रोज आठ तास आपण बघतो तोच. कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण करा आणि झाकण मागे-पुढे हलवून बघा. रंग उलटेपालटे झाले तर पॅनल हलक्या दर्जाचं. माहितीपत्रकात ‘२५० निट्स’ (प्रकाशाची तीव्रता) आणि ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांचा आवाका) असे दोन्ही आकडे असतील, तर खिडकीजवळ बसून काम होणार नाही आणि फोटोही फिके दिसतील. ३०० निट्स आणि आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग न बदलणारं पॅनल) एवढं तरी मागा. बॅटरीचा आकडा तासांत सांगतात तो सोडून द्या, वॉट-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता, विचारा. पन्नासच्या पुढे असेल तर बरं.

बाकीचं भराभर: चार्जिंग यूएसबी-सी वरून होत असेल तर उत्तम, कीबोर्डवर दोन ओळी टाइप करून बघा, बिल जीएसटीचंच घ्या. बिलावर सिरियल नंबर लिहिलेला हवा आणि तो खोक्यावरच्या व लॅपटॉपखालच्या नंबराशी जुळायला हवा. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते दिसतं. ती दोन-चार महिने आधीच सुरू झालेली असेल, तर पैसे देण्याआधी बोलायचं.

३. पहिलं सेटअप स्वतः करा

‘सर, आम्हीच चालू करून देतो’ असं म्हणत दुकानातला मुलगा सीलबंद खोकं उघडतो आणि घाईघाईत स्वतःच बनवलेल्या एखाद्या ईमेलवर विंडोज सुरू करून देतो. हे होऊ देऊ नका. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून सुरू केलं, त्याच खात्याला चिकटतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची.

विंडोज ११च्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही असा कुलूपबंद होतो. चोरीला गेला तर चोराला फाइल्स वाचता येत नाहीत, हे चांगलंच. पण उद्या मदरबोर्ड बदलला, कधी नुसतं बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, तरी निळा पडदा येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती नसेल तर सर्व्हिस सेंटरवालाही हात वर करतो. ही की त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खातं दुकानातल्या मुलाचं असेल तर? म्हणून स्वतःच्या खात्यानं सुरू करा, ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट खातं उघडून ‘डिव्हाइसेस’मध्ये की शोधा, कागदावर छापा आणि लॅपटॉपच्या बिलाला टाचून ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र तो कागद नको.

याच सेटअपमध्ये वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीचा, प्रश्न येतो. ‘हो हो’ करत गेलात तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं वनड्राइव्हमध्ये सरकतात. फुकट जागा ५ जीबी. ती महिन्याभरात भरते. मग माणूस साइटवर जाऊन ‘जागा करू या’ म्हणून फोटो डिलीट करतो आणि ते लॅपटॉपवरूनही जातात, कारण दोन्हीकडे तीच फाइल आहे. ३० दिवसांत लक्षात आलं तर रिसायकल बिनमधून परत मिळतात. जागा विकत घेणार नसाल, तर सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करा.

४. फाइल्स हलवणं, आणि मराठी टंकांची कटकट

साधी फोल्डरं नव्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, तिथून लॅपटॉपवर. म्हणजे हलवता हलवता पहिली प्रत तयारच झाली.

अडचण येते ती जुन्या मराठी मजकुराची. श्रीलिपी, कृतिदेव किंवा तसल्या जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) केलेल्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, टंक त्यांना देवनागरीचं रूप देतो. नव्या मशीनवर टंक नसला की संस्थेचा वीस वर्षांचा अहवाल रोमन अक्षरांचा कचरा होऊन समोर येतो. त्यामुळे जुना लॅपटॉप चालतोय तोवरच अशी प्रत्येक महत्त्वाची फाइल त्यावर उघडा आणि पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफमध्ये सहसा टंकही सोबत जातो, त्यामुळे मजकूर कुठेही दिसतो. ज्यात पुढे बदल करायचे आहेत ती फाइल कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर देवनागरीच दिसणाऱ्या संकेतांत, आणा. नंतर ‘सूर्य’, ‘वाऱ्यावर’, ‘कार्यकर्त्यांच्या’ असे शब्द डोळ्यांनी तपासा, रफार आणि ऱ्या हमखास तिथेच मोडतात. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डरही कॉपी करून घ्या. आणि यापुढे टाइप कराल ते युनिकोडमध्येच.

५. तीन प्रती, आणि एक घराबाहेर

जगभर सांगितला जाणारा नियम ३-२-१ असा आहे: फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. लॅपटॉप ही पहिली, हार्ड डिस्क दुसरी, क्लाउड (इंटरनेटवरची साठवण) किंवा बहिणीच्या घरी ठेवलेली डिस्क ही तिसरी. पेनड्राइव्ह यात धरू नका, तो नेण्या-आणण्यापुरता.

दुसरं ठिकाण कशाला, हे चिपळूणकरांना समजावून सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी दुकानांत आणि घरांच्या तळमजल्यांत शिरलं, तेव्हा टेबलावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क दोन्ही एकाच पाण्यात गेल्यावर काय उरणार?

डिस्क जोडलेली ठेवू नये, याचं उदाहरणही आपल्या जवळचंच. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) पसरलं आणि मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं कोसळलं; न्हावा शेवाचं तिच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. नेटवर्कचा ताबा सांभाळणारे त्यांचे सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, पण सगळे जोडलेले, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण नेमकी तिथली वीज गेली होती. त्यातला डेटा माणसानं विमानानं इंग्लंडला नेला आणि त्यावरून पुन्हा उभारणी झाली. लोडशेडिंगचा एवढा फायदा दुसऱ्या कुणाला झाला नसेल! आपण वीज जाण्याची वाट न बघता कॉपी झाली की डिस्क ‘इजेक्ट’ करून काढायची.

वर्षानुवर्षं कपाटात राहणाऱ्या प्रतीसाठी मला फिरती हार्ड डिस्कच बरी वाटते. एसएसडी विजेशिवाय फार काळ पडून राहिली तर डेटा धरून ठेवणारा तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. डिस्क हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. कोकणात असाल तर पुड्या पावसाळ्याआधी बदला. कॉपीसाठी महिन्याचा शेवटचा रविवार धरा. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिवस आहे आणि त्याच दिवशी आपलं आर्थिक वर्षही संपतं, तेव्हा त्या वेळी टॅली आणि विवरणपत्रांच्या फाइल्सची एक वेगळी प्रत काढा. कधीमधी डिस्कवरच्या चार फाइल्स दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

क्लाउडसाठी गूगलचे १५ जीबी कागदपत्रांना पुरतात, फोटोंना नाही. आणि तेच १५ जीबी जीमेलही वापरतं, त्यामुळे ते भरले की मेल येणंही थांबतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, चालू करा. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं, म्हणून आई-बाबांच्या जुन्या खात्यात अधूनमधून लॉगिन करत राहा.

६. जुना लगेच विकू नका

एक्सचेंजची ऑफर कितीही गोड असली तरी जुना लॅपटॉप महिना-दोन महिने ठेवा. काहीतरी राहिलेलं असतंच: ब्राउझरमधले पासवर्ड, डाउनलोड्समधली विम्याची पॉलिसी, वडिलांच्या पेन्शनचा कागद. मग ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रिकव्हरी’मधून ‘रिसेट धिस पीसी’ निवडा, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणा आणि ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ सुरू करा. याला काही तास लागतात, चार्जर लावून रात्री सोडा. लॅपटॉप मेलेलाच असेल तर आतली डिस्क काढून घ्या आणि बाकीचा सांगाडा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरी फुगलेली असेल तर तिला टोचू किंवा दाबू नका, ती फुगलीय हे त्याला आधीच सांगा.